आईच्या आवाजाची कॉपी

निरगुडसर, ता. आंबेगाव
४ जानेवारी २०२४

चि. रुपेश यास,
ताईचा सप्रेम जय भीम आणि आशीर्वाद.

आम्ही दोघी खुशाल आहोत. तुमच्या चौकीकडे बर्फ पडतोय असं टीव्हीवर पाहिलं. कानटोपी घालत जा, आळस करू नकोस.

हे फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितेय. तुझा फोन आला की आई स्पीकर लावायला लावते आणि शेजारीच बसते. स्वतःला बोलता येत नसलं तरी तुझा शब्द न् शब्द तिला ऐकायचा असतो. आणि हे तिच्या कानावर जायला नको.

अण्णा होते तेव्हा त्यांनी घेतलेला कॉम्प्युटर आता मरायला टेकलाय. बटण दाबून मी भाकरी थापून येते तरी पडद्यावर गोल फिरतच असतं. कालपासून आतून टिकटिक ऐकू येतेय. घशाच्या ऑपरेशनआधी तू आईला समोर बसवून जे रेकॉर्ड केलंस, तिच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या, आजोबांच्या गोष्टी, ते सगळं त्यातच आहे. दुसरीकडे कुठेच नाही. पेनड्राइव्ह लावला तर कॉम्प्युटर जागच्या जागी गोठला. काय करू?

परवा उसाच्या कडेला बिबट्याचे ठसे दिसले. आई एकटी शेतात गेली की माझा जीव टांगणीला लागतो. हाक मारायची झाली तर कशी मारेल?

लोभ तुझा आहेच, या वेळी उत्तराची घाईही असू दे.
तुझी ताई,
यशोधरा

निरगुडसर
१५ जानेवारी २०२४

चि. रुपेश यास, जय भीम आणि आशीर्वाद.

तुझ्या उत्तराची वाट पाहत होते, पण परवा कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. निळा पडदा आणि त्यावर इंग्रजी. घाबरून मंचरच्या एका दुकानात नेला. दुकानदार ऋषी बोलायला चांगला वाटला. म्हणाला की विंडोज बिघडलीय, नवी टाकावी लागेल, फाईली डी ड्राइव्हलाच असतील ना, मग त्याला हात लावत नाही. मी हो म्हणून बसले. मला वाटलं, फाईली तिथंच असतात.

कॉम्प्युटर कुठं गेला, असं आईनं पाटीवर लिहून विचारलं. धूळ काढायला दिलाय, म्हटलं. तिनं माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मी बरोबर केलं ना रे? एवढं कळव.

तुझीच,
ताई

सैन्य डाक
१७ जानेवारी २०२४

ती. ताईस,
रुपेशचा सादर जय भीम.

तुझं चार तारखेचं पत्र आज मिळालं. टिकटिक येतेय म्हणजे हार्डडिस्क जायला आलीय. आधी कॉम्प्युटर बंद कर आणि पुन्हा सुरू करू नकोस. मुख्य म्हणजे कुणालाही विंडोज टाकू देऊ नकोस. आईचा फोल्डर मी डेस्कटॉपवर ठेवलाय, म्हणजे तो सी ड्राइव्हमध्ये आहे. नवी विंडोज टाकताना सी पुसतात. हार्डडिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायची, दोन ठिकाणी कॉपी घ्यायची, मग बाकीचं. दुकानात गेलीस तर हे पत्रच दाखव.

पहाऱ्यावर असताना मी तिचा आवाज आठवून पाहतो. ओव्यांचे शब्द आठवतात, आवाज मात्र निसटून जातो. खरं सांगू, इथल्या कड्यांपेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटते.

आईला माझा नमस्कार सांग. माया आहेच, ती ओसरू देऊ नकोस.
तुझा भाऊ,
रुपेश

निरगुडसर
२ फेब्रुवारी २०२४

चि. रुपेश यास, जय भीम.

तुझं पत्र अंगणवाडीत हातात पडलं. 'डेस्कटॉप' या शब्दापाशी आले आणि पत्र तसंच मुठीत घेऊन उठले. पोरं मदतनीस कुशाबाईंच्या हवाली केली आणि मिळेल त्या एसटीनं मंचर गाठलं. ऋषी म्हणाला की विंडोज तर तेव्हाच टाकून झाली. मी तुझं लिहिलेलं त्याच्यापुढे धरलं. पत्र वाचून त्याचाही चेहरा उतरला. त्यानं डिस्क काढून स्वतःच्या मशीनला लावली आणि पुसलेल्या फाईली शोधायला ठेवल्या. ज्याच्यावर नवं लिहिलं गेलं नसेल तेवढंच मिळेल, म्हणाला.

काल त्यानं बोलावलं. फाईलींची नावं गेली होती, नुसते आकडे. हेडफोन लावून एकेक ऐकली. खरखर, पुन्हा खरखर. ओव्या गेल्या रे. आजोबांच्या गोष्टीही गेल्या. मी उठणार एवढ्यात एका फाईलमध्ये आई खाकरली. ती तुला रागवत होती, की ते डबडं बंद कर, दुसरा कामधंदा नाही का, आधी जेवून घे. बास, एवढंच आहे. मी भर दुकानात रडले. त्याच्या कॉपी मात्र तीन ठिकाणी घेतल्या.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिनं ऐकव म्हणून खूण केली. ऐकलं, आणि उठून गोठ्यात गेली. आतून कडी लावली. थोड्या वेळानं आतून घरघर ऐकू यायला लागली, श्वास अडकल्यासारखी. तिच्या गळ्याला श्वासासाठी पाडलेल्या छिद्रात काही गेलं की काय म्हणून मी दार बडवत सुटले. दार उघडलं तर ती धडधाकट उभी. माझ्याकडे कागद मागितला. तिनं लिहिलेलं सोबत पाठवतेय. मी वाचलेलं नाही.

तुझी ताई

चि. रुपेश,
आईचा जय भीम आन् लई आशीर्वाद.

यशीनं ऐकवलं. आधी वाटलं, ही कोण बाई एवढ्या तावातावानं बोलती. मग वळाकलं. त्या दिवशी मला वाटत व्हतं, आपण काय आपरेशनच्या टेबलावरनं उठत न्हाई. तुमाला बोलले न्हाई. म्हणून तुज्यावर वरडत व्हते. त्यो भ्यालेल्या बाईचा आवाज हाय. तुमी जपा, पण मला परत ऐकवू नका.

ओव्या गेल्या म्हणून यशी रडती. ओव्या कुठं जात्यात? मला पाठ हायेत.

दवाखान्यातल्या बाईनी गळ्याला लावायचं यंत्र दिलंय, बॅटरीवरचं. दाबून तोंड हलवलं की आवाज निघतो. बाईचा न्हाई, बाप्याचा न्हाई, गिरणी चालल्यावानी. लाजंनं यशीपुढं कवा लावलं न्हाई. गोठ्यात म्हशीपुढं सराव करती. पयल्या दिशी म्हस दावं तोडून पळाली. आता नुसती कान हलवती. आज आत तुजं नाव घेत व्हते, तर यशीनं दार मोडायचंच ठेवलं व्हतं. 'प' नीट येत न्हाई अजून.

हे पत्र पोचल्यावरच्या आयतवारी तुजा फोन आला की मी बोलणार हाय. ऐकून भ्या वाटंल. फोन ठेवू नको.

तुजी आई,
चिमाबाई