वॉटीच्या नावापुढची रेघ

डंडी, ९ सप्टेंबर

प्रिय फर्गस,

फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागदाचा खटाटोप. रोना सकाळची बस घेऊन गेली असेल, तिच्या आईला तू भरवलं असशील, आणि आता स्वतःसाठी किटली ठेवली असशील. तर बस आणि शेवटपर्यंत वाच. ‘ताईचं नेहमीचं पुराण’ म्हणून मधेच बाजूला ठेवू नकोस. एलीच्या लग्नाला तीन महिने राहिलेत आणि पोरीचा बाप येणार की नाही हेच नक्की नाही, याला काय म्हणावं? का, तर पाहुणे विचारणार, हल्ली काय करता. रोनाने सांगितलं मला. तिच्यावर चिडू नकोस, तिचा जीव मेटाकुटीला आलाय. पण तुझे कान उपटायच्या आधी मला माझा एक अपराध कबूल करायचाय. वीस वर्षं पोटात ठेवलाय.

मी अजूनही सोमवारी आणि गुरुवारी अभिलेखागारात जाते. जुन्या शिरगणतीच्या वह्या बघायला लोक येतात, कोणी कॅनडाहून, कोणी गल्लीपलीकडून, आणि पणजोबा नक्की काय करायचे ते विचारतात. गेल्या आठवड्यात एक बाई डोळे पुसत होत्या. पणजोबांचा धंदा खोडलाय, म्हणजे तुरुंगात गेले असणार असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मी सगळ्यांना पहिला धडा हाच देते, की रकान्यावर निळ्या पेन्सिलीची रेघ दिसली तर घाबरू नका. ते खोडलेलं नाही. गणती झाली की वह्या एडिंबराला जायच्या, तिथला कारकून एकेक धंदा मोजायचा, आणि मोजला की त्यावर रेघ ओढायचा. विणकर मोजला, रेघ. गवंडी मोजला, रेघ. बाईंनी चहा घेतला, बिस्कीट खाल्लं आणि हसत घरी गेल्या.

आता ऐक. बाबांच्या पंचाहत्तरीला मी वंशवृक्षाचा तो तक्ता केला होता, आठवतो? बाबांना त्यात एकच गोष्ट हवी होती. त्यांचे आजोबा, आपले पणजोबा वॉटी गेडिस, देवमाशांच्या शिकारीला जहाजावर जायचे, याचा पुरावा. मी शोधला. पोरवयात एक फेरी केली होती त्यांनी, खरं आहे. पुढे १९०१ची वही काढली. हिलटाउनच्या चढावरची दोन खोल्यांची जागा, नवराबायको आणि पाच पोरं. बेथिया पणजी तागाच्या गिरणीत मागावर. आणि वॉटी, वय सदतीस, धडधाकट, त्यांच्यापुढे लिहिलेलं होतं, ‘घर सांभाळणे’. वर निळी रेघ.

आपल्या गावात असे हजारो होते. गिरणीला बायका स्वस्तात मिळायच्या, पोरगा अठराचा झाला, पुरा पगार द्यायची वेळ आली, की त्याला बाहेरचा रस्ता. मग बाप्ये घरी. घरी किटली उकळत बसतात म्हणून किटलीवाले म्हणायचे त्यांना, आणि कसं म्हणायचे ते तुला ठाऊक आहे. बाबासुद्धा ती शिवी हासडायचे, शेजारच्या मंगोला तर कायमची. म्हणून खरं सांगायचा धीर झाला नाही. मी बाबांना म्हणाले, तिथलं खोडलंय, काही वाचता येत नाही. जी रेघ मी जगाला समजावून सांगते, तिच्याच आड स्वतः लपले. आणि तक्त्यावर झोकात लिहिलं, ‘जहाजावरचा शिकारी’. बाबांनी सगळ्यांसमोर तुझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “समुद्र आपल्या रक्तातच आहे, बघा.” तू तेव्हा भर समुद्रात तेलविहिरीच्या फलाटावर कामाला होतास, छाती फुगली होती तुझी. तुला कामावरून काढलं, त्या रात्री तू मला फोन करून म्हणालास, चार पिढ्यांचा समुद्र माझ्यापाशी संपला. मी ऐकून घेतलं. खरं सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. लाज वाटते मला.

परवा ती वही मी पुन्हा काढली. तेव्हा घाईत एकच ओळ वाचली होती, या वेळी अख्खं पान वाचलं. त्या इमारतीच्या जिन्यावरच्या घरांतली बारा-तेरा वर्षांची बहुतेक सगळी पोरं अर्धा दिवस गिरणीत, अर्धा दिवस शाळेत. काही घरांतल्या थोरल्या पोरींपुढे नुसतंच ‘घरी’, म्हणजे धाकट्यांना सांभाळायला. आणि वॉटीच्या घरात नेल, वय बारा, ‘शाळा’. पुढचे दोघेही ‘शाळा’. घरात बाप होता म्हणून धाकटी दोन तिच्या कडेवर पडली नाहीत. नेल आजीने लग्नापर्यंत शाळेत शिकवलं, तिने बाबांना शिकवलं, बाबांनी आपल्याला. आपल्या रक्तात समुद्र बिमुद्र काही नाही रे, हा एक माणूस आहे, लापशी ढवळणारा.

आणखी एक. वह्या भरायला गणतीदार आला तो सोमवार होता, पहिली एप्रिल. बेथिया मागावर. म्हणजे दार वॉटीनेच उघडलं असणार, कडेवर पोर घेऊन. शिकारी म्हणून सांगता आलं असतं, मजूर म्हणून सांगता आलं असतं, कोण तपासायला बसलं होतं? जिन्यात शेजारणी कान टवकारून उभ्या असतील. तरी त्याने आहे ते सांगितलं. गणतीदाराला आधी एप्रिल फूलच वाटलं असेल. पण लिहिलं त्याने, आणि एडिंबराच्या कारकुनाने तेही मोजलं.

हे सगळं आजच का, ते सांगते. काल एलीचा फोन आला. लग्नाच्या अर्जात आईचा व्यवसाय असतो, बापाचाही असतो. आईपुढे तिने ‘बसचालक’ लिहिलं. मग तुला विचारलं, तर तू म्हणालास, “माझ्यापुढे रेघ मार.” पोरगी रडत होती, फर्गस. म्हणाली, “आत्या, बाबा दिवसभर आजीचं सगळं करतात, मग रेघ कशी मारू?” तीन वर्षं तू त्या म्हातारीला न्हाऊ घालतोस, तिचे केस विंचरतोस, ती तुला कोणी परका समजून ओरडते तरी जवळ बसतोस, आणि तुझ्यापुढे रेघ? मी तिला सांगितलं, रकाना मोकळा ठेव, बाबा स्वतः सांगतील. बैठकीतला तक्ता मी उतरवला, ‘शिकारी’ खरवडून काढला आणि वॉटीपुढे त्यानेच सांगितलेलं लिहिलं, ‘घर सांभाळणे’. त्याच शाखेत खाली तुझ्या नावापुढची जागा सोडलीय. शुक्रवारी एलीचा अर्ज जायचाय. गुरुवारपर्यंत तिला फोन कर आणि वॉटीने दारात सांगितलं तसं सांग. शंभर वर्षांनी एलीची कोणी पणती तो कागद उघडेल, तेव्हा तिला तू सापडायला हवास.

तुझीच, आता काही न लपवणारी,
इशबेल