मामांचे हाड

लुब्लिन, ४ मार्च १९७४

ती. क्सावेरीमामांस,
भाचा वित याचा सा. न. वि. वि.

तुमच्या सदराचा मजकूर पोचला. छापखान्यात खिळे मीच जुळवले, दोनदा तपासले. माझ्या विनंतीवरून तुम्ही इथल्या प्रसूतिगृहाबद्दल लिहिलेत, आभार. तीन हिवाळे बंब फुटका आहे, बाळांना गार पाण्याने पुसतात. माझ्या बायकोचे, बोगनाचे, दिवस एप्रिलात भरतात, त्यामुळे माझी झोप उडाली आहे. पण शेवटी 'पक्षाच्या सचिवांचे भाषण ऐकून नदीनेही नव्या पुलाखालून काढता पाय घेतला' हे कशाला? सेन्सॉरचे कुरेकसाहेब सगळेच उडवतील. आई म्हणते, तुमच्या जिभेला लगाम म्हणून तरी लग्न करायला हवे होते. तिच्या काकड्या मिळाल्या का?

भित्र्या भाच्यावर आहे तो लोभ राहू द्यावा.
आपला वित

वॉर्सा, ७ मार्च

चि. वितस अ. आ.

गाढवा, ते हाड आहे! कुरेकने रोज काहीतरी खोडले नाही, तर वरचे विचारतात, दिवसभर माशा मारल्यास का. म्हणून मी हाड टाकतो, तो ते चघळतो, आणि मटण तुमच्या ताटात सुखरूप येते. पंचवीस वर्षे हेच चालले आहे. आईला सांग, बायकोने मलाच खोडले असते. बरणी पोचली, रिकामीही झाली.

बोगनाला जप.
तुझा मामा

लुब्लिन, १२ मार्च

ती. मामांस सा. न.

अनर्थ झाला. कुरेकसाहेबांनी मटण खाल्ले आणि हाड ठेवले! प्रसूतिगृह लाल पेन्सिलीखाली गेले, नदी जशीच्या तशी छापून आली. मी धीर करून विचारले, साहेब, काही चूक तर नाही ना? ते म्हणाले, पोरा, आज माझा नोकरीतला शेवटचा दिवस, आता चुका करायला वेळ कुठला? आणि शीळ घालत गेले. दुकानांपुढच्या रांगांत लोक एकमेकांना नदी वाचून दाखवताहेत. घरी बोगना रडते आहे.

रागावला असलात तरी दोन ओळी याव्यात.
वित

वॉर्सा, २० मार्च

चि. वितस अ. आ.

सदर बंद. संपादकाने इथवर येऊन रडत रडत सांगितले, रुमाल माझाच वापरला. सदराचे जाऊ दे. पण कुरेकने बाळांचे पाणी तोडावे? भेटला तर माझ्यातर्फे लाथ घाल. नको, तू आधी परवानगी मागशील.

मामा (रिकामटेकडा)

लुब्लिन, २२ एप्रिल

ती. मामांस सा. न.

काल मुलगी झाली. दोघी सुखरूप. आणि आंघोळ कोमट पाण्याने! मागच्या आठवड्यात थेट वॉर्साहून हुकूम आला, दोन दिवसांत नवा बंब बसला.

आज कुरेकसाहेब फुले घेऊन आले. मी लाथेची परवानगी मागितली, ते हसले. म्हणाले, छापलेल्या कागदात वरचे लोक मासे गुंडाळतात. खोडलेले मात्र गुप्त पत्रिकेत जाते आणि रोज सकाळी मंत्र्यांच्या टेबलावर पडते, तेवढेच ते मन लावून वाचतात. तुझ्या मामाने मला पंचवीस वर्षे नुसती हाडे खोडायला लावली, म्हणून वर सगळे त्याला विदूषक समजतात. मग नदी का ठेवलीत, असे विचारले, तर म्हणाले, हसून हसून पेन्सिल धरवेना.

बाप्तिस्म्याला ते येणार आहेत. तुम्हीही यावे. भाषण लिहून आणा, ते तपासून देतो म्हणाले आहेत.

आता तिघांवर लोभ करावा लागेल, ही विनंती.
आपला वित