न उतरवलेला ठेका

६ एप्रिल, सोमवार

आले बाई एकदाची! सुचावा शहरातून येताना बसने हाडं खिळखिळी केली, पण मठाच्या फाटकात साफ्ता दिसली आणि शीण पळाला. काळ्या झग्यात माझी धाकटी बहीण चक्क शहाणी दिसते. ईस्टरनंतर ती जोगीण होण्याची शपथ घेईल, तोवर माझा मुक्काम इथेच. उपासाचे दिवस, म्हणून मामालिगा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा, आणि घेवड्याची आमटी. दोनदा मागून घेतली.

इथे प्रार्थनेला बोलावतात ते टोआका वाजवून. टोआका म्हणजे लांब लाकडी फळी, वाजवायची मोगऱ्यांनी, म्हणजे लाकडी हातोड्यांनी. साफ्ता त्यात पटाईत. मी बँडमधली ड्रमवाली, माझे हात शिवशिवले नाहीत तरच नवल.

८ एप्रिल

साफ्ताला एक गंमत सांगितली. तिने तीन ठोके मारायचे, तेवढ्याच वेळात मी दोन. हेच भन्नाट वेगात गेलं, की ठोके सुटे ऐकू येत नाहीत, त्यांचे सूर होतात. माझ्या दोनांचा षड्ज, तिच्या तिनांचा पंचम. ती म्हणाली, ताई, थापा मारू नकोस.

टोआका शिकवणाऱ्या तेक्लामाई ऐकत होत्या. म्हणाल्या, ठेका हवा तेवढा चढवा, पण उतरवल्याशिवाय हात उचलायचा नाही. नाहीतर तो आपला आपण चढत राहतो. मला हसू आवरेना. काय एकेक खुळं असतात!

१० एप्रिल, गुड फ्रायडे

आज घंटा मुक्या, नुसती टोआका. एकाच फळीवर साफ्ता तीन, मी दोन. असा चढवला ठेका की फळी गुणगुणायला लागली. आणि अगं खरंच, पंचम! साफ्ता फिसकन हसली, मीही, आणि ऐन वरच्या लयीत दोघींनी मोगऱ्या खाली टाकल्या.

फळी थांबली. ठोका थांबला नाही. आमचे तीन आणि दोन जिथे एकत्र पडायचे, त्या समेवर कोणीतरी मारत होतं. फळीजवळ आमच्याशिवाय कोणी नव्हतं. तेक्लामाई पांढऱ्याफटक पडल्या.

११ एप्रिल

साफ्ता अंथरुणातून उठत नाही. बोटं पलंगाच्या काठावर तीन वाजवतायत, झोपेतसुद्धा. माझा डावा हात दोन. मी तो मांडीखाली दाबून धरला, तर तिचा श्वासच थांबला. सोडला, तेव्हा आला. काय करून बसले मी!

डॉक्टर म्हणाले, हृदय वेगात आहे, इंजेक्शन देतो. दिलं. काही फरक नाही.

तेक्लामाई म्हणतात, उतरव आता. उतरवते आहे हो! मी हळू होते, पण समेवरचा तो पुढे पळतो. साफ्ता त्याच्यामागे, मी साफ्तामागे.

१२ एप्रिल, ईस्टर

बाहेर सगळे एकमेकांना सांगतायत, ख्रिस्त उठला. माझी साफ्ता—

ठोके सुटे ऐकू येत नाहीत. षड्ज. पंचम. त्यांच्या खाली तो. आणि आता वर आणखी एक, त्याच्यावर गांधार— तिच्या तोंडातून, ओठ न हलता. देवा, सोड तिला, चूक माझी—

दुपार

एका हाताने जमत नाही. माझा एक ठोका हुकला, ती निळी पडली. डोळे उघडे आहेत. माझ्याकडेच बघते आहे. पेन ठेवते, उजवाही हात लावते— घाबरू नकोस गं राणी, मी नाही थांबणार, मी ना—