मोरीतलं निळं पिंप

३ एप्रिल १९९१, बुधवार
चौदा एप्रिलच्या जयंतीच्या भाषणासाठी टेकडीमागच्या ओढ्यावर गेलो. वही सोबत. कारखान्यांची फेकलेली निळी पिंपं आणखी वाढलीत. तळाशी पिवळा साका, वास डोक्यात जातो. पहिलं वाक्य तिथंच सुचलं: ‘आमच्या बापजाद्यांना पाण्याला शिवू दिलं नाही, आता आमच्या लेकरांसाठी ते पिण्याजोगं ठेवत नाहीत.’ उभ्या उभ्या तीनदा म्हटलं. माया बरोबर होती. माझी चौथीतली पोर, तिला खंड्या दिसला. मला नाही.

७, रविवार
पुन्हा ओढा. भंगार वेचणाऱ्या हिराबाई होत्या.
“काय लिवता, सर?”
“घाण मोजतोय.”
हसल्या. “ह्यातली तीन चांगली हायेत. धुतली की आपल्या बुवापाड्यात हातोहात जातात.”
त्यांनी त्याच जागेवरून बाटल्या, तार, एक चप्पल वेचली. यातलं काहीच मी पाहिलं नव्हतं. भाषणात चपलेचा उपयोग नव्हता.

८, सोमवार
मायाच्या दोन्ही हातांची सालं निघतायत. खाज. तिची आई, सुलभा, म्हणते, उन्हाळा.

१०, बुधवार
डॉक्टर: “हाताला नवीन काही लागतंय का?” सुलभा नाही म्हणाली. मीही.
घरी येऊन हात धुवायला मोरीत गेलो, तांब्या बुडवला आणि तसाच थांबलो. निळं पिंप. महिनाभर त्यातलंच पाणी अंघोळीला, भांड्यांना. ओढ्यातलं शंभर पावलांवरून दिसतं, आणि हे…
“हे कुणाकडून घेतलं होतं?”
“हिराबाईंकडून. तुम्हीच तर डोक्यावरून आणलंत! पाण्याची बोंब होती तेव्हा कसे खूश होतात.”
खरंच. मीच.

११, गुरुवार
पिंप रिकामं करून उलटं ठेवलं. पाणी एक दिवसाआड, घरात हंडा आणि दोन बादल्या. हिराबाईंना गाठलं.
“सोड्यानं धुतलं होतं, सर. आत काय होतं ते कंपनीला ठावं. सगळी गल्ली वापरते, कुणाला काय झालं न्हाय.”
झालं नाही, की कुणी पाहिलं नाही? माझ्यासारखंच? माझ्या मनात ओढ्यावर भाषण होतं, मोरीत फक्त पाणी. गरज असते तेवढंच डोळा उचलतो.

१३, शनिवार
गल्लीतून मुद्दाम सावकाश चाललो. दारोदार निळं. दहा वर्षं इथे राहतोय.
जयंती मंडळाचे साळवेकाका भेटले. “सर, उद्या कंपनीवाल्यांना फाडा!”
म्हटलं, घरातल्या पिंपांबद्दलही बोलावं लागेल. मायाचे हात सांगितले.
“आणि लोकांनी पाणी कशात भरायचं? तुमच्या जिभेत?” मग जरा नरमून, “पिंपामुळेच झालं, असं डॉक्टर म्हणाला का?”
तसं नाही म्हणाला. पिंपाचं ऐकूनही तो काहीच ठाम म्हणाला नाही. बोललो आणि चुकलो, तर हिराबाईंच्या पोटावर पाय. गप्प बसलो आणि खरं निघालं, तर गल्लीतली पोरं. झोपेत माया हात चादरीला घासत होती.

१४, रविवार, दुपार
सभा सहाला. पहिलं वाक्य खोडलं. टाळ्यांचं होतं. त्याजागी ‘माझ्या मोरीत’ एवढेच दोन शब्द. पुढे पेन जात नाही. हजार माणसांपुढे न अडखळणारा मी.
नळाला पाणी आलं. हंडा भरला, बादल्या भरल्या. सुलभा मोरीतून ओरडतेय: “पिंप सुलटं करू की नको? पाणी जाईल, लवकर सांगा!”