वारलूच्या अंगणात कोण बसतं

राजुरा, १२ नोव्हेंबर २०२३

ती. मावशीस,
सविनय जयभीम.

तुमच्या टोल्यावर, त्या जंगलातल्या वस्तीत, फोन लागत नाही, म्हणून तरी तुझं अक्षर दिसतं. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडताना मावसाजींना वाघानं नेलं आणि सोबतचा वारलू झाडावर गप्प बसून राहिला, हे तुझ्या मनातून जात नाही. त्या रागानं तुझी झोप उडाली आहे.

माझ्या योगवर्गात शिकवते तेच सांगते. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा. वारलूही दुःखीच असेल बघ. रोज दिवेलागणीला ताठ बस, डोळे मीट, त्याला नजरेपुढे आण आणि मनात म्हण, याचं भलं होवो. सुरुवातीला खोटं खोटं म्हटलंस तरी चालेल.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी संघप्रिया

हेटीटोला, १० डिसेंबर

चि. संघप्रियास अनेक आशीर्वाद.

पोरी, मैत्री-करुणा आम्ही विहारात लहानपणापासून ऐकतो. तू तेच फी घेऊन शिकवतेस होय! तरी बसते. आधी दातओठ खात म्हणत होते. आता त्याचे वाळलेले हात दिसतात आणि भलं होवो हे खरंच तोंडातून निघतं.

पण एक विपरीत घडलंय. बोरिंगवर त्याची बायको सोमारी भेटली. म्हणाली, बाई, तुमी रोज सांजेले आमच्या अंगनात मोहाच्या झाडाखाली येऊन बसता, बाजूले जागा सोडून, मंग बोलत काऊन नाई? अगं, मी त्या वेळी घराबाहेर पाऊल टाकत नाही. तसं सांगितलं तर ती रडायलाच लागली. मी शाप द्यायला बसते असं समजून वारलूनं जेवण सोडलंय, नुसतं पेजेचं पाणी घेतो. मला भीती वाटते. बसणं सोडू का?

उत्तर लवकर धाड.
तुझी मावशी अंजना

राजुरा, १८ डिसेंबर

ती. मावशीस,
सविनय जयभीम.

पत्र दोनदा वाचलं. त्याचं मनच त्याला खात असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण सोमारीलाही दिसतं ना! असलं काही मी कधी शिकले नाही, शिकवलंही नाही.

एवढंच कळतं की, घरात बसून केलेली करुणा त्याच्यापर्यंत शाप होऊन पोचते आहे. तू स्वतः जा, तोंडानं बोल. उपाशी माणूस किती दिवस काढेल?

जपून जा. जीव तुझ्याकडे लागलाय.
संघप्रिया

हेटीटोला, २ जानेवारी २०२४

चि. संघप्रियास आशीर्वाद.

गेले बाई. मोहाखाली बसले. तिथलं गवत दबलेलं होतं आणि जागा उबदार, कुणीतरी आत्ताच उठल्यासारखी.

वारलू भिंत धरत बाहेर आला. नुसती हाडं उरलीत. मी म्हटलं, बाबा, खाली उतरला असतास तर दोन घरं बसली असती, तू केलंस ते बरंच केलंस. तो पोरासारखा रडला. म्हणाला, बाई, वरडाले गेलो, आवाजच निंगला नाई. मीही रडले. खरं सांगते, राग तिथंच गेला. मग त्यानं भात मागितला आणि माझ्यासमोर पोटभर खाल्ला.

सोमारीनं मलाही ताट वाढलं. आणि माझ्या शेजारी, रिकाम्या जागेपुढे, आणखी एक ठेवलं. कुणाला गं, म्हणून विचारलं. तुझ्या मावसाजींसमोर घ्यायची तसा तिनं डोक्यावर पदर घेतला आणि खाली मान घालून मागं सरली.

मी वळून पाहिलं नाही. बसल्या जागी थोडी सरकले.

पुढचं लिहवत नाही. माया आहे, ती असू दे.
तुझी मावशी अंजना