पेटीतला अमेरिकन

नाना, तुम्ही शिवलेला पट अजून माझ्याकडं आहे. काळे चौकोन कोटाच्या कापडाचे, पांढरे लठ्ठ्याचे, कडेला दुहेरी टीप. गुंडाळला की काखेत मावतो. कतारला येताना लोकांनी लोणचं आणलं, मी हा आणला. इथं मेसईदच्या कॅम्पात एका खोलीत आम्ही सहा जण, खताच्या कारखान्याचा वास उशीतसुद्धा शिरतो, पण पटाला नाक लावलं की दुकानातला, गरम इस्त्रीखालच्या ओल्या कापडाचा वास येतो असं मला वाटतं. येत नसणार. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली.

त्या अमेरिकनाबद्दल लिहायला बसलोय. गिऱ्हाईक नसलं की तुम्ही कापड बेतायच्या टेबलावर पट मांडायचा आणि माझा हत्ती मारता मारता त्याची गोष्ट सांगायचा. वाचनालयातल्या जुन्या मासिकात वाचलेली. शंभर वर्षांमागचा माणूस. खेड्यातून मोठ्या शहरात आला, कॉफीच्या हॉटेलात बसून येईल त्याच्याशी खेळायचा. डोळ्यांवर पट्टी बांधून आठ-दहा जणांना एकदम हरवायचा. एक स्पर्धा जिंकला, पेपरात नाव आलं, मग बोटीनं विलायतेला खेळायला गेला तर तिथं शेवटून दुसरा आला. परत येऊन बघतो तर हॉटेलातल्या त्याच्या खुर्चीत नवीन पोरगा बसलेला. मग त्याला तिकीट लावून दाखवायच्या एका यंत्रात नोकरी लागली. फेटेवाला लाकडी पुतळा, खाली पेटी. लोकांना वाटायचं पुतळाच बुद्धिबळ खेळतोय, आणि हा आत गुडघे पोटाशी घेऊन, मेणबत्तीच्या उजेडात वरचा डाव चालवतोय. भलेभले हरले. टाळ्या पुतळ्याला. शेवटी खोकून खोकून धर्मादाय दवाखान्यात मेला. मी पुतळ्याच्या फेट्यावर हसायचो. तुम्ही हसत नव्हता. सहावीत मी शाळा सोडली तेव्हा हात उचलला नाहीत, फक्त सुईत दोरा ओवता ओवता म्हणालात, "डोकं आहे तुला. पण चारचौघांत बसून खेळ. पेटीत बसू नकोस." मला तेव्हा वाटलं, पेटी अमेरिकेत असते.

इथं मी साहेबांची गाडी चालवतो. साहेब पुण्याकडचे, मोठे इंजिनियर, माणूस वाईट नाही. दोह्यातल्या ऑफिसात एक मिसरी, म्हणजे इजिप्तचा, हिशेबनीस आहे, त्याच्याशी साहेबांचा डाव टेलिफोनवर चालायचा. रोज दुपारी एक चाल याची, एक त्याची. एकदा गाडीत साहेब छोटा पट मांडीवर घेऊन कपाळ चोळत बसलेले. मी आरशातून बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "साहेब, घोडा द्या की त्याला. वजीर सापडतोय."

"तुला कळतं यातलं?"

"वडलांनी शिकवलं थोडं."

घोडा दिला, वजीर सापडला. तेव्हापासून अर्धा झालेला, अडकलेला डाव माझ्याकडं यायचा. संध्याकाळी बाजारासाठी मेसईदहून दोह्याला निघालो की साहेब मागून सोंगट्यांच्या जागा सांगायचे, मी रस्त्यावर डोळे ठेवून डाव डोक्यात मांडायचो आणि अल वक्रा येऊन समुद्र दिसेपर्यंत चाल सांगायचो. साहेब दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यातून तीच फोनवर सांगायचे. चार महिन्यांत मिसरी तीन डाव हरला. ऑफिसात बोलबाला झाला, साहेब म्हणजे काय डोकं! खोलीतले रत्नागिरीकडचे चाचा मला चिडवायचे, "काय रे वजीर, आज सायबाची अक्कल कुठं पार्क केलीस?" मी पण हसायचो. खरं सांगतो, वाईट वाटत नव्हतं. कुणीतरी माझ्याकडून हरत होतं, एवढं पुरे होतं.

मग मिसरी हट्टाला पेटला. समोरासमोर बसा म्हणाला, शुक्रवारी, दोह्याच्या क्लबात. साहेबांचा चेहरा उतरला. शुक्रवारी गाडीत बसताना म्हणाले, "अरे, आज तू बस. मी सांगतो, हा माझा चेला, आधी याला हरवा. आणि जिंकलास ना, तर तुझं नाव क्लबाच्या फळ्यावर लावायला सांगतो. बघच." तो फळा मी दारातून पाहिलेला. खेळणाऱ्यांची नावं पांढऱ्या रंगानं लिहिलेली. ड्रायव्हर लोकांना आत बसायची परवानगी नाही, नाना. माझं नाव आत बसलं असतं.

इस्त्रीचा शर्ट घातला होता. खुर्ची गार होती, एसी थेट मानेवर. मी प्यादं एक घर पुढं सरकवलं, मिसऱ्यानं दोन घरं. मला वाटलं असेल त्याची पद्धत, साहेबांच्या डावांत पण सुरुवातीला असलं काही झालेलं असायचं, मी फक्त पुढचं बघायचो. तासाभरात भोवती माणसं जमली. माझा घोडा त्याच्या मुलखात शिरला होता, त्याचा वजीर माझ्या राजावर चालून येत होता, आणि मी घाबरलो नव्हतो. कारण तुम्ही सांगितलेलं. शह बसला नसेल तर राजाला आख्ख्या डावात एकदा घोड्याची उडी. "ती लगेच उधळू नकोस. सगळे दरवाजे बंद झाले की मार." मी ती जपून ठेवली होती, नाना. राजाला एकही शह लागू दिला नव्हता. त्यानं सगळ्या वाटा बंद केल्या, पुढच्या चालीला मात होती, आणि मी राजा उचलून अडीच घरं टाकला. बघितलं वर. मला वाटलं, आता कोणीतरी वाहवा म्हणेल.

मिसरी राजाकडं बघत राहिला. मग साहेबांना हिंदीत विचारलं, "ये किंग है या घोडा?" सगळे हसले. एकानं मांडीवर थाप मारली. साहेब सगळ्यांत मोठ्यानं हसले, म्हणाले, "चेला कच्चा आहे अजून." मिसऱ्यानं मात्र हसणं आवरलं, "खलास, खलास" म्हणत माझा राजा हलकेच उचलून परत त्याच्या घरात ठेवला आणि मला दुसरी चाल करू दिली. मात वाचवेल अशी दुसरी चाल नव्हतीच. त्याच्या त्या चांगुलपणानं मी जास्त मेलो.

येताना साहेब म्हणाले, "हे गावठी नियम कुणी शिकवले तुला?"

"वडलांनी."

"अरे, अशी उडी नसते राजाला. जगात कुठंच नसते."

अल वक्ऱ्याला समुद्र आला, गेला. जगात कुठंच नसते. आपल्या दुकानात होती.

राग आला तुमचा. खोटं कशाला बोलू? पट फेकून द्यावा वाटलं. तुम्ही मला चारचौघांत बस म्हणालात आणि चारचौघांत चालत नाही ते शिकवून ठेवलंत. पण तुम्हाला तरी कुणी सांगितलं होतं? ते मासिक वाचलंत, त्यात नियम छापले नसतील. पुढच्या आठवड्यात साहेबांनीच मला गाडीत सगळं समजावलं, प्याद्याची दोन घरं, राजा-हत्तीचा किल्लेकोट. आता मला सगळं येतं. क्लबात बस असं साहेब पुन्हा म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. टेलिफोनचा डाव पुन्हा सुरू झालाय. साहेब मागून सोंगट्या सांगतात, मी पुढं बघत म्हणतो, "उंट मागं घ्या, साहेब." परवा मिसरी परत हरला. चाचांनी विचारलं, "मग? तुला काय मिळालं?" मी पाण्याची बाटली तोंडाला लावली.

हा कागद पटाच्या घडीत ठेवणार आहे. तुमच्या पत्त्यावर टाकायची पेटी कुठं असते मला माहीत नाही. एक गोष्ट राहिली. परवा त्या मिसऱ्याला मी गाडीजवळ गाठून विचारलं, पुतळ्याच्या पेटीत बसून खेळणारा अमेरिकन माहीत आहे का. तो म्हणाला, नाव सांग. नाना, तुम्ही दर वेळी त्याचं नाव घ्यायचा, दोनदोनदा, माझ्याकडून म्हणवून घ्यायचा. मला पेटी आठवते, मेणबत्ती आठवते, पुतळ्याचा फेटा आठवतो. त्याचं नाव आठवत नाही.