ॲनेलीची केस माझ्या हातात

३ जून २०२५, लेस्टर
गिरिजाला सांभाळणारी ॲनेली आज स्वयंपाकघरात रडली. तिची केअर कंपनी बंद पडली. दोन महिन्यांत व्हिसासाठी दुसरा स्पॉन्सर शोधा, नाहीतर साउथ आफ्रिकेला परत. स्ट्रोक आल्यापासून आमची ही फक्त ॲनेलीच्या हातून जेवते. एके काळी वर्णभेदाविरुद्ध, साउथ आफ्रिकेची संत्री घेऊ नका म्हणून इथल्या बेलग्रेव्ह रोडवर बोर्ड धरून उभी राहायची, आणि आता जेवते कुणाच्या हातून, तर गोऱ्या आफ्रिकानर बाईच्या. असो. म्हटलं, डोळे पूस. भीमराव बसलाय ना इथे.

४ जून
सुचलं. तिथे छळ होतो म्हणून अमेरिका आफ्रिकानर लोकांना आश्रय देते आहे. मग ब्रिटनला काय धाड भरली? अमेरिकेला विमानाने आणावे लागतात, ही तर आयतीच इथे आहे. अर्धं काम झालंच. असायलम!

५ जून
लेक कल्याणीचा साउथहॅम्प्टनहून फोन. डॉक्टर झाली, पण जन्म इथला. भांडताना मराठीचं लिंग-वचन कोलमडतं. बाबा, तुमचा हा जुना सवय आहे, म्हणाली. रजिस्टर्ड सॉलिसिटरकडे जा, विनापरवाना इमिग्रेशनचा सल्ला देणं गुन्हा आहे. म्हटलं, मी सल्ला देत नाही, मार्गदर्शन करतो.

१० जून
ॲनेलीला छळ विचारला. शेजारच्या फार्मवर दरोडा पडला होता. तिचा स्वतःचा? सिग्नलला मोबाइल पळवला. भाऊ अजून शेती करतो, मजेत आहे. इथे का आलीस? नवऱ्यापासून सुटायला.
अवघड आहे. छळ म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. माझ्या आज्याला गावच्या विहिरीला हात लावू देत नसत. तेवढं जरी हिच्याकडे असतं तरी केस चुटकीसरशी सुटली असती. बाईला स्वतःचं दुःख मांडता येत नाही. मी मांडीन.

२४ जून
मेडनहेडच्या एका नर्सिंग होमची तिला ऑफर. स्पॉन्सरशिपसकट. घेऊ का, विचारायला आली. नको म्हटलं. जिवाची भीती असलेली बाई नोकऱ्या बघत फिरत नाही, केस कच्ची पडते. शिवाय मेडनहेडहून रोज इथे येणार कशी? तिचेच हाल. ऑफरचं पत्र पुन्हा वाचलं. शेवटी ऐकलं.

२ जुलै
ॲनेलीचे वडील गेले. जाऊ की नको, म्हणते. हा काय प्रश्न झाला? बापाच्या मातीला लेक गेली नाही तर जन्मभर टोचतं. आपण बौद्ध, तेरावं मानत नाही, पण पुण्यानुमोदन कुणी चुकवतं का? म्हटलं, डोळे झाकून जा. व्हिसाची मुदत आहे अजून. येताना पुरावे आण.

१४ जुलै
आली. पुरावे म्हणून अंत्यविधीचे फोटो. शेतावरच्या काळ्या मजुरांनी शवपेटी खांद्यावर घेतलेली, सगळे गातायत. खड्डाही त्यांनीच खणला म्हणे. हे कुणाला दाखवू नकोस म्हटलं. रडायला लागली. हळवी आहे.

६ ऑगस्ट
व्हिसा संपला, असायलम मागितलं. जिलबी आणली. गिरिजाने नुसती बघितली.

७ ऑगस्ट
भलतंच. असायलम मागितलं की काम करता येत नाही. म्हणजे आमच्याकडेही नाही. हे आधी कुणी सांगायला नको? सॉलिसिटरने सांगितलं असता, इति कल्याणी.

२० ऑगस्ट
सरकारने ॲनेलीला कुठल्याशा लांबच्या गावी हॉटेलात हलवलं. हरकत नाही. गिरिजाला मी भरवणार. टाइमटेबल केलं, फ्रिजवर लावलं. वरणभात मिक्सरमधून काढला. तिने तोंड उघडलं नाही. मीठ कमी असेल.

९ ऑक्टोबर
कल्याणी येऊन गेली. आईचं वजन खूप उतरलंय म्हणते. वजनकाटा जुना आहे.

११ डिसेंबर
ॲनेलीचा असायलमचा इंटरव्ह्यू झाला. भीती वाटते तर जुलैत परत का गेलात, असं साहेबाने विचारलं. हिने खरं ते सांगितलं! ज्यांच्याकडे काम करायचे ते म्हणाले, लेकीने जायलाच हवं. तिथे कुणी त्रास दिला? नाही. मग फोनमधले फोटोही दाखवले, वडिलांचे म्हणून. इतकं पढवलं होतं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

१८ फेब्रुवारी २०२६
नकार. घाबरायचं कारण नाही, अपील मी स्वतः लिहितो.

२० फेब्रुवारी
ॲनेली निरोप घ्यायला आली. अपील नको म्हणाली. भावाने तिकीट पाठवलंय. म्हटलं, तिथून अमेरिकेला अर्ज कर, मी मार्गदर्शन करतो. मिस्टर भीमराव, प्लीज, एवढंच म्हणाली.
जाताना गिरिजाला भरवलं. वाटी रिकामी झाली. गिरिजा तिची बाही सोडेना. मी बोटं सोडवली. फार वाईट वाटलं. नियमच वाईट आहेत.

६ मार्च
कल्याणी उद्या गिरिजाला न्यायला येणार. तिच्या घराजवळ नर्सिंग होम आहे. तात्पुरतं, असं मी ठरवलंय.
संध्याकाळी भरवायला बसलो. गिरिजाने चमचा बाजूला सारला. जड जिभेने, एकेक शब्द जुळवत बोलली. तिला काय हवं होतं, विचारलंत कधी?
विचारलं होतं, असं सांगितलं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.
बॅग भरायची राहिली आहे. कपाट उघडून उभा राहिलो. गिरिजाला काय काय लागतं, ते ॲनेलीला माहीत असायचं.